हळदी, बुक्का आणि भुरी

रविवार, दुपार
भाऊबीज होऊन दहा दिवस झाले

प्रिय सिंधुमावशी,

'मावशी' लिहिलं आहे, चालवून घ्या. आधी नुसतं नाव लिहिलं, ते उद्धट वाटलं. मग नावाआधी 'श्रीमती' लिहिलं आणि खोडलं. बाईच्या नावाआधी तिला नवरा आहे की नाही याची पाटी कशाला लावायची, असं मी चारचौघांत बोलत असते, आणि हातात पेन घेतल्यावर पहिल्यांदा तेच सुचलं. तो कागद फाडला. हा तिसरा कागद आहे.

मी शिवकन्या, ग्यानोबांची मुलगी. वडिलांना मी दादा म्हणते. आपण भेटलो नाही. उन्हाळ्यात एकदा दादांच्या फोनवर तुमचा आवाज ऐकला होता. त्यांच्या डोळ्यात औषध घालताना हात धुऊन घे, असं तुम्ही सांगितलं होतं आणि मी बरं म्हणून फोन ठेवला होता. तेव्हा मला वाटलं, दवाखान्यात ओळख झालेल्या कुणी बाई आहेत. दसऱ्याआधी आमच्या घरून तुम्हाला जो निरोप आला त्यानंतर आमचं पत्र उघडावंसं वाटलं नसेल, हे मला कळतं. तरी शेवटपर्यंत वाचा. त्या निरोपाचं मी सांगणारच आहे, पण ते एकदम सांगायला गेले तर पुढचं काही लिहून होणार नाही. आणि एक आधीच सांगते, म्हणजे वाचताना तुम्ही अंदाज बांधत बसणार नाही: दादा अजून तुमची वाट बघतात.

तुमच्या घरची दोन्ही पिल्लं बरी आहेत. बुक्का तर अंगानं दुप्पट झालाय, दुधाच्या पातेल्यावरचं झाकण पायानं सरकवायला शिकलाय. हळदीचा डावा डोळा अजून पूर्ण उघडत नाही. तो मिटला त्यात माझी चूक आहे. तुमच्या लेकीला, साक्षीला, एवढ्यात सांगू नका. नऊ वर्षांच्या पोरीला मांजराचं दुखणं आपल्यापेक्षा जास्त लागतं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दादा तीन गाड्या बदलून घरी आले तेव्हा त्यांच्या हातात तोंडाला फडकं बांधलेली बांबूची टोपली होती. सांगून गेले होते की नांदेडला डोळे दाखवायचेत. टोपली ओसरीत ठेवली आणि म्हणाले, स्टँडवर कुणीतरी सोडून दिली होती, ओरडत होती, घेऊन आलो. मी नुकतीच शाळेतून आले होते. तुम्हाला दादांनी सांगितलं असेल, रेणापूरला एका खाजगी शाळेत मी शिकवते. सकाळी स्वयंपाक करून सव्वानऊची जीप धरायची, सहा तास बोलायचं, संध्याकाळी येऊन परत स्वयंपाक. मला त्या टोपलीत आणखी दोन तोंडं दिसली, बाकी काही दिसलं नाही. मी म्हणाले, आपल्याकडे भुरी आहे ना. दादा म्हणाले, भुरी म्हातारी झाली.

भुरी आईची मांजर. अकरा वर्षांची आहे. एक कान फाटलेला, रंग राखाडी, आणि स्वभाव अगदी आईसारखा, म्हणजे बोलणार नाही पण राग धरून बसणार. आई शेतात निघाली की बांधापर्यंत तिच्यामागे जायची आणि तिथून परत फिरायची. आईला जाऊन चार वर्षं झाली. त्यानंतर ती आईच्या गोधडीवर झोपते. ती गोधडी मी धुते, उन्हात घालते, परत त्याच कोपऱ्यात घडी करून ठेवते. या चार वर्षांत त्या घडीवर दुसरं कुणी बसलेलं नाही, मीसुद्धा नाही.

दादांनी काय करावं? आमच्याकडे नवं जनावर घरात आणलं की त्याला चुलीभोवती तीनदा फिरवतात आणि त्याचे पाय गार राखेत टेकवतात, म्हणजे ते त्या घराचं होतं, सोडून जात नाही. घरात गॅस आहे, चूल राहिली ती फक्त अंगणात पाणी तापवायची. दादांनी दोन्ही पिल्लांना त्या पाण्याच्या चुलीभोवती फिरवलं, पाय राखेत बुडवले, आणि तसेच पांढरे पाय घेऊन सरळ भुरीच्या पुढ्यात, गोधडीवर नेऊन सोडलं. झालं म्हणाले, आता चुलीची झाली. भुरीनं पाठ एवढी उंच केली की मला ती कुणी दुसरीच मांजर वाटली. बुक्क्याच्या नाकावर पंजा मारला, आणि शिडीवरून माळवदावर गेली ती दोन दिवस खाली आली नाही. मी शिडी चढून दूध वर नेऊन ठेवायची. दुधाला तोंड लावलं नाही. पाणीसुद्धा प्याली की नाही कोण जाणे.

खरं सांगते, पिल्लांसाठी मी काही केलं नाही. जे केलं ते भुरीसाठी. तिसऱ्या दिवशी शाळेत मधल्या सुट्टीत फोनवर शोधून वाचलं, जुन्या मांजराच्या घरात नवी पिल्लं कशी आणायची. सगळं एका कागदावर उतरवलं आणि भिंतीला चिकटवलं. पिल्लांना वेगळ्या खोलीत ठेवा, दार बंद ठेवा. एकमेकांना दिसू देऊ नका, फक्त वास येऊ द्या. दाराच्या अलीकडे जुन्या मांजराची वाटी ठेवा, पलीकडे पिल्लांची, म्हणजे पोट भरण्याच्या सुखात तो परका वास मिसळत जाईल. एकाच्या अंगाखालचं फडकं दुसऱ्याकडे द्या. काही दिवसांनी दार बोटभर उघडा. फिस्स केलं तर रागावू नका, दार लावा आणि उद्या परत करा. सगळ्यात खाली मी लाल पेनानं लिहिलं होतं: घाई करू नका. वर्गात मुलांना शिकवताना ओळीखाली रेघ मारतात तशी मारली होती.

बियाण्याच्या पोत्यांची खोली पिल्लांना दिली. दादांना हा सगळा थाट बघून हसू आवरेना. म्हणाले, "मांजरायला बी कॉलेज लावलंस का बाई? हजेरी घे म्हणावं." शेजारचे शेषेरावकाका मुद्दाम भिंतीवरचा कागद बघायला आले आणि विचारून गेले की परीक्षा कधी आहे. सकाळ-संध्याकाळ दोन वाट्या भरायच्या, एक अलीकडे, एक पलीकडे. पहिल्या दिवशी भुरी दारापासून सात-आठ हात लांब बसली आणि वाटीकडे पाठ केली. मी वाटी तिच्याजवळ नेली. दुसऱ्या दिवशी दाराकडे एक वीत सरकवली. असा वीत-वीत महिना गेला.

त्याच पहिल्या आठवड्यात एका संध्याकाळी दादा पोत्यांच्या खोलीत बसून पिल्लांशी बोलत होते. मी बाहेर भुरीला दूध ओतत होते. आतून ऐकू आलं, "हळदे, सरक की, बुक्क्याला पिऊ दे." मी दार ढकलून आत गेले आणि विचारलं, स्टँडवर सापडलेल्या पिल्लांची नावं कुणी सांगितली? दादांना खोटं बोलता येत नाही, हे तुम्हालाही एव्हाना माहीत असेल. चेहरा असा झाला की चौथीतलं पोर पाटीवर थुंकताना सापडावं. मग तिथंच पोत्याला टेकून त्यांनी सगळं सांगितलं. पिल्लं कंधारची, तुमच्या घरची आहेत. नावं साक्षीनं ठेवलीत, पिवळी ती हळदी आणि काळा तो बुक्का. आणि मग डोळ्यांच्या शिबिराचं सांगितलं. नांदेडला मोतीबिंदू काढला तेव्हा शेजारच्या खाटेवर तुमचे वडील होते, निवृत्तीबाबा. माझ्या शाळेत परीक्षा होत्या, मुख्याध्यापकांनी रजा दिली नाही, आणि मी शेषेरावकाकांना दादांबरोबर धाडलं. काका पहिल्याच दिवशी गाडीला उशीर होतो म्हणून निघून आले. पुढचे तीन दिवस दोन्ही खाटांवरच्या डोळ्यांत तुम्ही थेंब घातलेत, डब्यातली भाकरी मोडून दोघांना दिलीत. हे मला चार महिन्यांनी कळलं, ते पण मांजराच्या नावामुळे.

दादा खाली बघून म्हणाले, तिच्याशी लग्न करून तिला घरी आणावं म्हणतो, तुझी ना असंल तर न्हाई म्हण, मी एका शब्दानं बोलणार न्हाई. मी म्हणाले, तुमचं आयुष्य आहे दादा, मी कोण नाही म्हणणारी? आणि कणीक मळायला गेले.

मावशी, असली वाक्यं मला तोंडपाठ आहेत. दोन वर्षांपूर्वी आमच्या ग्रामसभेत ठराव झाला होता, नवरा गेलेल्या बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, तिनं पुन्हा संसार करायचं म्हटलं तर गावानं नावं ठेवायची नाहीत. तो ठराव मी लिहिला आणि मीच वाचला. आमच्या घरात पहिली पदवी माझी. त्या दिवशी दादा मागच्या रांगेत उभे होते आणि टाळ्या थांबल्या तरी वाजवत होते. पेपरात फोटो आला, त्याचं कात्रण त्यांनी खिशात ठेवून ठेवून झिजवलं. ते कात्रण नांदेडला त्यांनी तुम्हाला दाखवलं होतं ना? शाळेत खिचडी शिजवता शिजवता तुम्ही सगळ्या बायकांना वाचून दाखवलं म्हणे. तुम्ही दादांना म्हणालात, एवढी शिकलेली पोर आहे, तिला सांगा, तिनं बोलावलं तरच मी येईन, चोरून कुणाच्या घरात शिरणार नाही. हेही त्यांनी मला त्याच दिवशी सांगितलं. मला वाटतं, ते सांगताना त्यांना अभिमान वाटत होता. तुमचा वाटत होता की माझा, ते कळलं नाही.

मी ठराव लिहिला तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे बायका होत्या. गावातल्या, पांढऱ्या कपाळाच्या, नावानिशी. पण त्यातली एक येऊन आमच्या फडताळातले डबे उघडेल, आईच्या जागेवर पाट मांडेल, दादा तिला हाक मारतील, असं काही मी त्या ठरावात लिहिलं नव्हतं. मला तुमचा राग नव्हता. राग यायला तुम्हाला बघायला तरी हवं होतं. मला फक्त आईचं एवढंसं उरलेलं जे आहे, एक गोधडी, तिच्या हातचं लोणचं ज्यात होतं ती रिकामी बरणी, एक फाटक्या कानाचं मांजर, ते कुणी हलवू नये असं वाटत होतं. आणि मी थकले होते. हे कारण नाही, पण लिहून टाकते. चार वर्षं मी हे घर ओढते आहे आणि मला वाटत होतं की ओढते म्हणून ते माझं आहे.

दसऱ्याच्या दिवशी दादांनी आपट्याची पानं आणली, पांढरा सदरा घातला, आणि न्याहारी न करता फाट्यावर जाऊन उभे राहिले. तुम्ही येणार असं ते धरून चालले होते. हे वाचून तुम्ही चक्रावाल. थोडं थांबा. मी छतावर वाळत घातलेली उडदाची डाळ गोळा करत होते, तिथून फाटा दिसतो. पहिली गाडी थांबली, दोन बाया उतरल्या, दादा दोन पावलं पुढे गेले आणि थांबले. दुसरी गाडी थांबलीच नाही. तिसरी दुपारी आली. ते परत आले तेव्हा पानं सुकली होती. म्हणाले, गाडी चुकली असंल. नंतर त्यांनी तुम्हाला फोन लावला, तो लागला नाही. दुसऱ्या दिवशी लावला, तिसऱ्या दिवशी लावला. मग लावायचं सोडलं. मला काही विचारलं नाही. बाजारातून जाळी आणली आणि पोत्यांच्या खोलीच्या दाराला खालच्या अंगाला बसवून दिली, म्हणजे भुरीला पिल्लं दिसतील पण भांडता येणार नाही. माझ्या कागदावर ती पुढची पायरी होती. बारीक अक्षर लागत नाही तरी त्यांनी ती लक्षात ठेवली होती.

जाळी बसवल्यावर आठव्या दिवशी भुरी तिच्याजवळ जाऊन आडवी झाली. बुक्क्यानं आतून पंजा बाहेर काढून तिची शेपटी ओढली, तिनं नुसते डोळे मिटले. मी दार उघडलं. तिघांनी एका ताटलीत खाल्लं. खाऊन झाल्यावर भुरीनं हळदीचं डोकं चाटलं, आधी एकदा, मग थांबून विचार केल्यासारखं परत. दादा दारात उभे होते. मला वाटलं होतं तसा आनंद झाला नाही. मला बसावंसं वाटलं. तिथंच जमिनीवर बसले. एका म्हाताऱ्या मांजरानं जे दीड महिन्यात केलं ते मी एक दिवससुद्धा करून बघितलं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं. तुम्हाला मांजराच्या पिल्लाच्या जागी ठेवते आहे असं समजू नका. त्या सगळ्यात मला भुरीच्या जागी मी दिसत होते.

मग दिवाळी आली, आणि मी ती चूक केली. नरक चतुर्दशीला पहाटे आई आम्हाला उटणं लावायची तेव्हा भुरीच्याही कपाळाला बोटभर लावायची. यंदा मला वाटलं, पिल्लांची पहिली दिवाळी आहे. कदाचित तुमच्या साक्षीबद्दल मनात काहीतरी टोचत होतं आणि ते मी पिल्लांवर फेडत होते. दोघांना कोमट पाण्यात बसवलं, वासाचं तेल लावलं, उटण्यानं अंग चोळलं, साबण लावला, टॉवेलात गुंडाळून पुसलं, आणि अत्तराच्या फायासारखी घमघमणारी ती दोन गाठोडी भुरीपुढे ठेवली. दीड महिना वीत-वीत करून जो वास तिच्या नाकात मुरवला होता तो मी एका बादलीत धुऊन टाकला. तिला ती पिल्लं ओळखू आली नाहीत. तिच्या दृष्टीनं घरात कुणी भलतेच शिरले होते. बुक्का पळाला. हळदी टॉवेलात अडकली होती. मी सोडवेपर्यंत भुरीचा पंजा तिच्या डोळ्याला लागला होता.

दिवाळीत जनावरांचा दवाखाना बंद. शेषेरावकाकांच्या गाडीवरून आम्ही लातूरला गेलो, एका डॉक्टरांचं घर शोधलं. त्यांनी डोळा बघितला, म्हणाले बुबुळ वाचलंय, पण दिवसातून चार वेळा थेंब घालायचे, पंधरा दिवस. आणि विचारलं, पिल्लांना कुणी आंघोळ घातली? मी म्हणाले, मी. शिक्षिका आहे असं सांगायचं धाडस झालं नाही.

घरी येऊन पहिल्यांदा थेंब घालायला बसले. दादांनी हळदीला मांडीवर धरलं होतं. मी बाटली उघडली तेव्हा ते म्हणाले, तसं न्हाई, आधी हात धू. मग खालची पापणी बोटानं जरा खाली ओढ, थेंब त्या खोबणीत टाक, बुबुळावर टाकू नको, झोंबतं. आणि टाकल्यावर लगेच सोडू नको, मिटलेल्या डोळ्यावर हात ठेवून जराशी थांब. मी विचारलं, हे तुम्हाला कसं माहीत? ते म्हणाले, सिंधु असंच करायची. मी तसंच केलं. हळदी शांत राहिली. माझा हात तिच्या डोळ्यावर होता आणि दादा माझ्याकडे न बघता, पिल्लाच्या पाठीवरून बोटं फिरवत, सावकाश बोलले: "तिनं तोडलं त्याचा मला राग न्हाई बाई. तिच्या घरात बी कुणीतरी असंल भुरीसारखं. त्याचं बी बरोबरच असतंय."

मावशी, मी वर्गात साठ मुलांपुढे बोलते. ग्रामसभेत बोलले. त्या वेळी मी नुसते हात पुसत बसले. त्या दिवशी चार वेळा, दुसऱ्या दिवशी चार वेळा, आम्ही दोघं त्या पिल्लाला मध्ये घेऊन बसायचो, आणि दरवेळी मला वाटायचं आता सांगावं. दरवेळी मी बाटलीचं झाकण लावून उठायची.

पिल्लांना परत पोत्यांच्या खोलीत नेलं. परत दार लावलं, परत वाट्या. या वेळी दहा दिवसांतच भुरी जवळ आली. साबणाचा वास गेला आणि तिला आपली पिल्लं सापडली. आज सकाळी हळदी गोधडीच्या काठावर झोपली होती, भुरी मधोमध. मी हळदीला उचलून खाली ठेवणार होते. ठेवलं नाही.

आता तो निरोप. काल दुपारी मी दादांना सांगितलं, आणि आज तुम्हाला सांगते. नावांवरून सगळं कळलं त्याच्या दुसऱ्या दिवशी दादांनी मला त्यांचा फोन दिला आणि म्हणाले, सिंधुला लिही, दसऱ्याला या, साक्षीला घेऊन या. तुझ्या नावानं लिही, म्हणजे तिला कळंल पोरीची ना न्हाई. मी लिहिलं: "दसऱ्याला येऊ नका. घरात पटणार नाही. पुन्हा फोन करू नका. ग्यानोबा." पाठवलं. दादांनी विचारलं, गेला का? मी म्हणाले, गेला. मग दसऱ्यापर्यंत मी फोन करत न्हाई, म्हणाले, तुझ्या बोलावण्यानं येऊ दे. त्यांना फोनवरची अक्षरं लागत नाहीत, त्यांच्या वतीनं आजवर बँकेचा फॉर्म, विम्याचा कागद, ग्रामपंचायतीचा अर्ज सगळं मीच लिहीत आले, आणि त्यांनी कधी विचारलं नाही की काय लिहिलंस. नंतर मी तो निरोप त्यांच्या फोनमधून पुसून टाकला. तो त्यांचा नव्हता, मावशी. त्यातला एकही शब्द त्यांचा नव्हता. ते त्या दिवशी फाट्यावर उभे होते कारण त्यांना वाटत होतं की मी तुम्हाला बोलावलं आहे. काल हे ऐकल्यावर दादा ओरडले नाहीत. म्हणाले, काय लिहिलं व्हतंस, जसंच्या तसं सांग. मी सांगितलं. म्हणाले, परत सांग. मी परत सांगितलं. मग ते शेतात गेले आणि दिवस मावळल्यावर आले, आणि जेवताना एवढंच म्हणाले की पत्र लिही, तुझ्या नावानं लिही, आणि खाली जागा सोड. म्हणून हे पत्र. या, असं मी म्हणते आहे, माझ्या नावानं, कुणी सांगितलं म्हणून नाही. लगेच या असं म्हणत नाही. माझ्या घरात येताना तुम्हाला माझी भीती वाटेल हे मला माहीत आहे, आणि तुमच्यापुढे उभं राहायची मलाही वाटते. पण तुमच्या न येण्याचं कारण दादा असू नयेत. दादा चौथी शिकलेले आहेत. अक्षर मोठं काढतात, एका ओळीत तीन शब्द मावतात, आणि एक ओळ लिहायला त्यांना बराच वेळ लागतो. आता ते ओसरीत पेन घेऊन बसलेत, मला पाठमोरे. मी माझं संपवून पान त्यांच्याकडे देणार, ते लिहितील, घडी घालतील, आणि पाकीट स्वतः चिकटवून उद्या रेणापूरच्या पोस्टात टाकून येतील. खाली त्यांनी काय लिहिलंय ते मी वाचलेलं नसेल.

तुमची कोण ते ठरवायचं मी तुमच्यावर सोडते,
शिवकन्या